स्कोअरशीट आधी, वितरण मग

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. प्रोजेक्टसाठी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतल्या ३१ सामन्यांचे स्कोअर जमवले. दोन्ही संघांचे मिळून ६२ आकडे झाले. सरासरी ५८.३, व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १३८. पॉइंट मोजायचे म्हणजे पॉयसन वितरण, असं समजून बसवलं तर काय-स्क्वेअर चाचणीत सपशेल नापास. गाइड म्हणतात, नॉर्मल घे आणि मोकळा हो. मित्र म्हणतो, निगेटिव्ह बायनोमियल घे. कोणाचं ऐकू? पुढल्या हंगामात फायनलमध्ये एखादा संघ ७० गाठेल का, हेही प्रोजेक्टमध्ये लिहायचं आहे.
— एक विद्यार्थी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बेटा, तुझं पत्र वाचून मला वितरण, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येतो त्याचा साचा, सुचलं नाही, शंका आली. ३१ सामने म्हणजे ३२ संघांची बाद फेरी. त्यातले सोळा सामने पहिल्याच फेरीत. एक-दोन कोर्ट, संध्याकाळचे चार तास आणि सोळा सामने उरकायचे, अशा वेळी आयोजक काय करतात हे मी स्कोअररच्या टेबलावर बसून पुष्कळदा पाहिलंय. क्वार्टर कापतात. म्हणून तुझ्याकडून स्कोअरशीटच्या झेरॉक्स मागवल्या. तू पाठवल्यास, हे फार बरं केलंस. बहुतेक जण शेवटचा आकडा वहीत उतरवतात आणि कागद तिथेच सोडून येतात.

आणि निघालं तेच. पहिली फेरी आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरची, म्हणजे ३२ मिनिटांची. पुढचे पंधरा सामने नियमाप्रमाणे दहा-दहाचे, ४० मिनिटांचे. तू दोन वेगळ्या मापांचं धान्य एका पोत्यात ओतलंस आणि पोत्याचं वजन करून दाण्याचा आकार विचारतो आहेस. पहिल्या फेरीची सरासरी ५२ येते, पुढच्यांची ६५. ५२ भागिले ६५ म्हणजे ०.८, आणि ३२ भागिले ४० म्हणजेही ०.८. इतकं नेमकं जुळणं हा थोडा योगायोग आहे, कारण पुढच्या फेऱ्यांत आक्रमण चांगलं असतं तसा बचावही चांगला असतो. पण मुख्य गोष्ट घड्याळाची आहे.

आता पॉयसनकडे. वर्गात मी दरवर्षी प्रशियन सैन्यातल्या घोड्यांच्या लाथांचं उदाहरण देत असे. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये ते छापलं. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि त्यात लाथेने मेलेले १२२ सैनिक. सरासरी ०.६१, व्हेरियन्सही ०.६१. पॉयसनची ओळख हीच की दोन्ही आकडे सारखे. पण तिथे घटना विरळ होती आणि एका लाथेचा दुसऱ्या लाथेशी संबंध नव्हता. बास्केटबॉलमध्ये यातलं काहीच नाही. तू बास्केट केलीस की बॉल समोरच्याच्या हातात जातो. तो टाकेल किंवा घालवेल, मगच पुन्हा तुझी पाळी. पॉइंट एकेक येत नाहीत, फ्री थ्रोचा एक, आतून दोन, रेषेबाहेरून तीन असे येतात. शिवाय किती पाळ्या मिळणार यालाही मर्यादा आहे.

या पाळीला आपल्या कोर्टावर सगळे पझेशन म्हणतात. सगळा हिशेब इथून सुरू कर. शॉट क्लॉकची, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच हवा या नियमाची, गोष्ट तुला ठाऊक आहे का? १९५० च्या २२ नोव्हेंबरला अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक लीगचा एक सामना १९-१८ असा संपला. पुढे असलेला संघ बॉल धरून बसला की त्याला कोणी काही करू शकत नसे. मग सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, भागून आले २४. १९५४-५५ च्या हंगामापासून तो २४ सेकंदांचा नियम लागू झाला. मला हा माणूस फार आवडतो. त्याने वितरणाचं नाव घेतलं नाही, पण पाळ्यांची संख्या जवळजवळ बांधून टाकली. बायनोमियलमधला एन, म्हणजे प्रयत्नांची संख्या, त्याने घड्याळात बसवला म्हण ना.

आपल्याकडच्या ४० मिनिटांच्या सामन्यात एका संघाला, हिशेबापुरतं धर, ६८ पझेशन मिळतात. दोन्ही मिळून १३६, म्हणजे एकेक साडेसतरा सेकंदांचं. प्रत्येक पझेशनमधून शंभरात ५५ वेळा काहीच येत नाही, ५ वेळा एक पॉइंट, ३० वेळा दोन, १० वेळा तीन. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तू तुझे मोजून घाल. एका पझेशनची सरासरी ०.९५ आणि व्हेरियन्स १.२५ पडतो. ६८ ने गुणलं की सरासरी ६५ च्या आसपास आणि व्हेरियन्स ८५. प्रमाण विचलन, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ, ९.२. बघ, सगळे सामने एकाच लांबीचे घेतले आणि संघही एकाच ताकदीचे धरले, तरी व्हेरियन्स सरासरीच्या वर गेला. पॉयसन इथेच पडला.

एक गंमत सांगतो, मग पुढे जाऊ. समज, कोणी तीन टाकतच नाही, फ्री थ्रोही नाहीत, नुसते दोन-दोन, आणि निम्म्या वेळा बास्केट होते. गणित करून बघ, व्हेरियन्स आणि सरासरी अगदी सारखे येतात. म्हणजे पॉयसन फिट बसल्याचा भास होईल, खेळात पॉयसनचं काही नसताना. एनबीएत थ्री-पॉइंट रेषा १९७९-८० मध्ये आली, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत १९८४ मध्ये. त्याआधीच्या आकड्यांवर पॉयसन बसवून कोणी खूश झाला असेल तर त्याचं श्रेय त्या योगायोगाला आहे.

माझीही एकदा चांगली फजिती झाली आहे. मे महिना, उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सात वाजून गेले तरी कोर्टाचं सिमेंट तापलेलंच. मैदानाचं नाव सांगत नाही, तिथली मुलं आता मोठी होऊन मला रस्त्यात भेटतात. आदल्या सामन्यांची सरासरी ६६ होती. मी खडू घेऊन फळ्यावर पॉयसन मांडला आणि ऐटीत सांगितलं, नव्वद व्हायची शक्यता हजारात जेमतेम तीन. सामना बरोबरीत सुटला. पाच मिनिटांचा जादा वेळ. पुन्हा बरोबरी, पुन्हा पाच मिनिटं. शेवटी एका संघाचे ९४. पॉइंट गार्ड खेळणारा पोरगा घाम पुसत टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, तुमचा पॉयसन बोंबलला ना!" बास्केटबॉलमध्ये बरोबरी राहत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त फळ्यावर उतरवायला विसरलो. ४० ची ५० मिनिटं झाली की सरासरीच ८२ वर जाते, आणि मग नव्वद ही चार वेळांत एकदा घडणारी गोष्ट होते. तुझ्या झेरॉक्समध्येही दोन कागदांवर जादा वेळाची खूण आहे. ते सामने वेगळे काढ, किंवा चाळिसाव्या मिनिटाचा स्कोअर घे. तो कागदावर असतोच.

आता तुझा १३८ चा व्हेरियन्स फोडू. ३२ आणि ४० मिनिटांच्या सरासऱ्यांत १३ चा फरक आहे, त्यातून ४२ येतात. पझेशनमधल्या नशिबातून, दोन्ही प्रकारच्या सामन्यांचं मिळून, ७६. उरले २०. हे संघांच्या ताकदीतल्या फरकाचे, असं म्हणायचा मोह होतो. पण ६२ आकड्यांवरून काढलेल्या व्हेरियन्सची स्वतःचीच चूक २५ च्या घरात असते. त्यामुळे या वीसवर प्रोजेक्टचा एक अख्खा धडा उभारू नकोस. आणि ते ६२ खरे ६२ नाहीत. एका सामन्यातले दोन स्कोअर एकाच घड्याळाचे आणि एकाच वेगाचे असतात. पळापळीच्या सामन्यात दोघांचेही वाढतात, बॉल धरून खेळले तर दोघांचेही घटतात. स्वतंत्र नोंदी म्हणशील तर सामने ३१.

मित्राचं निगेटिव्ह बायनोमियल चुकीचं नाही. पॉयसनचा दर दर वेळी बदलतो असं धरलं की ते तयार होतं, आणि व्हेरियन्स सरासरीपेक्षा मोठा असला की लोक त्याच्याकडे धावतात. तुझ्या आकड्यांवरून त्याचा दुसरा प्राचल (पॅरामीटर) ४३ च्या आसपास येतो. तो इतका मोठा असला की आकृती जवळजवळ नॉर्मलच्या घंटेसारखीच दिसते, उजवीकडे थोडी कललेली. म्हणजे तुझा मित्र आणि गाइड ज्यावरून भांडतील तो फरक ६२ आकड्यांत दिसणारसुद्धा नाही. पण ते व्हेरियन्सला फक्त जागा करून देतं, तो कुठून आला हे सांगत नाही. घड्याळातल्या फरकाला संघांचा चढउतार समजून तू ते गिळून टाकशील.

गाइडचं नॉर्मल? साठ-सत्तर लहान लहान पझेशनची बेरीज आहे, ती घंटेकडे जाणारच. मला ते चालतं, पण एका सामन्याच्या लांबीसाठी एक नॉर्मल, आणि स्कोअर पूर्णांक असल्यामुळे अर्ध्याची दुरुस्ती. ७० किंवा जास्त म्हणजे ६९.५ च्या पुढे.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं बघ. सगळ्या ६२ वर पॉयसन बसवला तर एका संघाने ७० गाठण्याची शक्यता ७ टक्के. सगळ्या ६२ वर नॉर्मल, तर १७ टक्के. फायनल चाळीस मिनिटांची असते हे लक्षात घेऊन सरासरी ६५ आणि विचलन ९.२ घेतलं, तर ३१ टक्के. मधलं उत्तर स्पर्धेतल्या कुठल्याही सामन्याबद्दल विचारलं असतं तर ठीक होतं. तू फायनलबद्दल विचारलंस. आणि अजून एक. तू लिहिलंस "एखादा संघ". दोघांपैकी कोणीही चालत असेल तर ३१ नाही, ५२ टक्के, दोन्ही संघ स्वतंत्र धरून. सामन्याचा वेग दोघांना सामाईक असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. प्रश्नातला एक शब्द उत्तर बदलून टाकतो, हे तोंडी परीक्षेत नक्की सांग.

विचारलं नाहीस तरी सांगतो, कोण जिंकणार हे हवं असेल तर स्कोअर सोड आणि फरक घे. दोन स्कोअर वजा केले की सामन्याचा वेग बराचसा निघून जातो. सारख्या ताकदीच्या दोन संघांत आपल्या आकड्यांनी फरकाचं विचलन १३ येतं. संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी १९९४ मध्ये हा फरक सामनाभर हलत राहणाऱ्या कणासारखा मांडला, ब्राउनियन गतीसारखा. त्यातली कामाची गोष्ट एवढी की उरलेल्या वेळाच्या वर्गमुळाने विचलन घटतं. हाफ-टाइमला ८ ची आघाडी असेल तर जिंकण्याची शक्यता ८१ टक्के. तिसऱ्या क्वार्टरनंतर तीच ८ ची आघाडी ८९ टक्क्यांची होते. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र हे गुंडाळून ठेव. मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो, क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, घड्याळ सारखं थांबतं, आणि कण वगैरे राहत नाही, माणसं डोकं लावायला लागतात.

करायचं काय, तर शीटवरच्या रनिंग स्कोअरच्या रकान्यात बस. तिरपी रेघ म्हणजे मैदानी बास्केट, भरलेला ठिपका म्हणजे फ्री थ्रो, खेळाडूच्या नंबराभोवती गोल म्हणजे तीन. एक, दोन, तीन किती आले हे सगळ्या सामन्यांचं दोन संध्याकाळींत निघेल. फाउलच्या रकान्यात पी (पर्सनल फाउल) पुढे बारीक २ दिसला तर दोन फ्री थ्रो दिले होते, म्हणजे हुकलेले फ्री थ्रोही वजाबाकीने मिळतील. हुकलेले शॉट आणि हातातून गेलेले बॉल मात्र कागदावर नसतात. पझेशन मोजायची असतील तर कोर्टावरच बसावं लागतं. शिवाजीनगरला किंवा बजाजनगरला संध्याकाळी सामना लागला की वही घेऊन जा, बाजू बदलली की एक रेघ ओढ, पाचवी आडवी. पहिल्या दिवशी दहाएक चुकतील. माझ्याही चुकायच्या. सोबत एकाला घे आणि शेवटी दोघांच्या रेघा जुळवा. न जुळल्या तर तर्री पोहे ज्याच्या कमी त्याच्याकडून.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते. त्यांच्या सामन्यात साधारण आठ पॉइंट होतात, परवा फक्त दोनच झाले. प्रशिक्षकांनी सगळ्या मुलींना ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या. खरंच इतकं वाईट होतं का?
— एक आई, धरमपेठ

उत्तर : ताई, वर ज्या पॉयसनला मी इतकं बोललो तो तुमच्याकडे कामाला येतो. लहान मुलींच्या सामन्यात थ्री-पॉइंटर जवळजवळ नसतो, फ्री थ्रो क्वचितच आत जातो, आणि हुकलेल्या शॉटच्या मानाने बास्केट विरळ. पॉइंट मोजू नका, बास्केट मोजा. सरासरी चार बास्केट धरल्या तर एक किंवा शून्य बास्केट होण्याची शक्यता नऊ टक्के. म्हणजे सरासरी अकरा सामन्यांत एकदा असं होणारच, कोणी काही वेगळं न करता. मुली दमल्या नव्हत्या, घाबरल्या नव्हत्या, तरीही. त्यातून रिंग मोठ्यांच्याच उंचीवर असेल, ३.०५ मीटरवर, तर ती सरासरी चार हीच कौतुकाची गोष्ट आहे. बारा वर्षांखालच्यांसाठी मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते.

प्रशिक्षकांशी बोलताना पॉयसनचं नाव काढू नका, मी काढून पाहिलंय. "गेल्या दहा सामन्यांचे आकडे बघू का?" एवढंच विचारा.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉल, सुरू केलंय. विजेत्या संघाच्या स्कोअरची घंटा येतच नाही, सगळं २१ वर साचतं. एक्सेलमध्ये नॉर्मल बसवायचा तर काय करू?
— एक प्रशिक्षक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नका बसवू, सर. तिथे नियमच वेगळा आहे. आतून एक, बाहेरून दोन, शॉट क्लॉक बारा सेकंदांचा, आणि दहा मिनिटं संपण्याआधी जो २१ गाठेल तो जिंकला. स्कोअरला छप्पर घातलंय, तर घंटेचा उजवा अर्धा येणार कुठून? इथे स्कोअर जवळजवळ ठरलेला असतो आणि वेळ बदलते. म्हणून उलटं मोजा, २१ गाठायला किती पझेशन लागली. ठरावीक यश मिळेपर्यंत किती प्रयत्न करावे लागतात, हे निगेटिव्ह बायनोमियलचं मूळचं घर आहे. तुमच्याकडे एकेरी आणि दुहेरी बास्केट मिसळलेल्या आहेत, म्हणून सूत्र हुबेहूब लागू होणार नाही. एक्सेलमध्येच एकेक पझेशन यादृच्छिक आकड्याने खेळवा, २१ झाले की थांबवा, असं हजार वेळा करा आणि स्तंभालेख काढा. दहा मिनिटं संपल्यामुळे थांबलेले सामने वेगळ्या रंगात ठेवा, ते खरोखर वेगळे आहेत.

आणि वीसवर असलेल्या संघाने बाहेरून टाकला तर २२ होतात. फाइलमध्ये कुठे २२ दिसले तर टायपिंगची चूक समजून खोडू नका.